जतच्या माळरानावर हुलग्याचा कोणता वाण जास्त उतारा देईल?

तुम्ही विचारलंय की जतला हलकी मुरमाड जमीन आहे, विहिरीला पाणी नाही, तर 'माण', 'सीना' आणि 'फुले सकस' यांतला हुलग्याचा कोणता वाण पेरू. मी माण तालुक्यातला, रान साधारण तुमच्यासारखंच. नुसत्या नावावर जाऊ नका. यंदा तिन्ही एकाच रानात शेजारी-शेजारी पेरा, आणि चौथं तुमचं घरचं गावरान बी धरा. ते चौथं महत्त्वाचं. पाऊस मनासारखा झाला की सगळेच वाण भारी दिसतात. गावरान शेजारी नसेल तर जास्तीचं दान वाणाचं की पावसाचं, हे कशावरून सांगणार?

हे तिन्ही वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतले, म्हणजे आपल्या भागासाठीच बघितलेले. दापोलीच्या, म्हणजे कोकणातल्या कृषी विद्यापीठाच्या वाणांची नावं ऐकाल, पण कोकणात कुळीथ (म्हणजे आपला हुलगाच) भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर घेतात; ते गणित आपलं नव्हे. तुम्ही सीमेवर आहात, त्यामुळं कर्नाटकातला 'जीपीएम-६' कुणाकडं मिळाला तर एक पट्टा त्याचाही टाका. विजापूरकडचं हवामान तुम्हाला परकं नाही.

आता वाणापेक्षा जास्त फरक पाडणारी गोष्ट, ती म्हणजे पेरणीची तारीख. दिवस लहान व्हायला लागले की हुलगा फुलावर येतो. जूनमध्ये टाकला आणि पाऊस लागून राहिला की वेल माजतो, गुडघाभर पाला होतो आणि शेंगा मात्र मोजक्या. फार उशीर केला तर झाड बुटकं राहतं आणि शेंग भरायच्या वेळी रानात ओल उरत नाही. लांब मुदतीच्या वाणाला हा फटका जास्त बसतो. जतला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा आणि परतीचा, म्हणून मी तरी मुदत कमी असलेल्या वाणाकडं झुकेन. एकानं जुलैत पेरायचा, दुसऱ्यानं ऑगस्टअखेर, आणि मग पारावर बसून वाणांवर वाद घालायचा, याला काही अर्थ नाही. सगळे वाण एकाच दिवशी, एकाच वाफशावर (म्हणजे रानात ओल बेताची असताना) पेरा.

पट्टा एक गुंठ्याचा पुरे, म्हणजे ३३ बाय ३३ फूट. प्रत्येक वाण तीन ठिकाणी घ्या: वर, मध्ये आणि बांधाकडं. माळाला उतार असतो, माती वाहून खाली साचते, त्यामुळं बांधाकडचा कुठलाही वाण जोरातच दिसणार. चार वाणांना १२ गुंठे लागतील. प्रत्येक ठिकाणी क्रम बदला, आणि खुंट्यांवर नाव लिहाल तर पक्क्या रंगानं लिहा, मार्कर पहिल्या पावसात जातो. दोन ओळींत फूटभर, दोन रोपांत चार बोटं अंतर. हेक्टरी १२ ते १५ किलो बियाणं धरलं तर गुंठ्याला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम. पेरण्याआधी प्रत्येक वाणाचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. एकाचे ९० आणि दुसऱ्याचे ६० उगवले तर तुम्ही वाण नव्हे, बियाण्याची उगवण तोलून बसाल. रायझोबियम (हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू, बियाण्याला चोळतात) लावायचं तर सगळ्यांना लावा, खताचंही तेच.

पीक उभं असताना वहीत थोडं टिपा. पहिलं फूल कधी आलं, पानं कुठल्या पट्ट्यात आधी पिवळी-हिरवी चट्टेरी झाली (तो पिवळा मोझॅक, पांढरी माशी पसरवते). आणि शेंगा एकदम पिकतात की टप्प्यानं, हे तर बघाच. खालच्या शेंगा वाळून तडकल्या आणि वरच्या अजून हिरव्याच, असा वाण कागदावर कितीही देवो, अर्धा माल रानातच सांडतो. म्हणून उपटणी सकाळी दवावर करा. बोटांनी दाबली की शेंग मऊ लागते, फुटत नाही. उन्हं चढली की हात लावताच दाणे उडतात.

तोलताना कडेच्या ओळी वेगळ्या काढा, त्यांना जागा आणि ऊन जास्त मिळतं. मळणीनंतर दाणे सारखे वाळवून एकाच काट्यावर तोला. मधला जेवढा भाग तोलाल, तेवढंच क्षेत्र मोजून गुंठ्याचा आकडा काढा. त्याला ४० नं गुणलं की एकरी उतारा. पण एकाच वाणाच्या तीन पट्ट्यांत किलोचा फरक येत असेल आणि दोन वाणांत अर्ध्याच किलोचा, तर ते दोन्ही वाण सारखेच समजा आणि पुढच्या हंगामात पुन्हा पेरा. असल्या रानात एकरी दोन-तीन क्विंटलच्या फार पुढचं स्वप्न कुणी विकत असेल तर मी त्याच्याकडून बी घेणार नाही.

भुसकटही तोलून ठेवा. घरी शेरडं-मेंढरं असतील तर दाणा थोडा कमी पण पाला जास्त देणारा वाणही परवडतो. आणि घरात हुलग्याचं माडगं, शेंगोळी होत असतील तर दाणा एकदा शिजवून बघा. आमच्या घरी वाणाचा शेवटचा निकाल आई देते.

जो पसंत पडेल त्याचं बी दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. हुलग्यात परागीभवन स्वतःच्याच फुलात होतं, त्यामुळं मधल्या ओळींतल्या निरोगी झाडांचं बी राखलं तरी वाण टिकतो. फक्त कडक वाळवून, राख मिसळून ठेवा, नाहीतर पेरणीआधी भुंगा पोखरून टाकतो.