वाचकांचे प्रश्न : स्पितीतल्या मुध गावी जाताना

प्रश्न : जूनअखेरीस आम्ही चौघं हिमाचलमधल्या स्पितीला जाणार आहोत. काझाची गर्दी टाळून पिन खोऱ्यातल्या मुधमध्ये तीन रात्री राहायचं आहे. मनालीहून एका दिवसात काझा, दुसऱ्या दिवशी मुध, असा सहा दिवसांचा बेत आहे. जमेल का?

उत्तर : गाडी पोहोचेल, तुम्ही मात्र विरळ हवेने डोकं धरून बसाल. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि काझा ३,६५० च्या आसपास. म्हणजे पहिल्याच रात्री तुम्ही सोळाशे मीटर वर झोपणार, तेही वाटेत साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड ओलांडून. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दिवसा कितीही वर जाऊन आलात तरी एकवेळ चालतं, मुक्काम कुठे पडतो ते महत्त्वाचं.

म्हणून जाताना शिमला-किन्नौरची वाट धरा. चंदीगडहून पहिला मुक्काम सराहन, मग कल्पा, मग ताबो (३,२८०), मग काझा आणि त्यानंतर मुध (३,८०० च्या जवळपास). नाको ताबोपेक्षा उंच आहे, पण ते वाटेत लागतं. जेवायला थांबा, झोपायला नको. ताबोला लवकर पोहोचलात तर इ.स. ९९६ मध्ये स्थापन झालेला मठ पाहून होतो. आतल्या भित्तिचित्रांचे फोटो काढायला बंदी आहे, हातात टॉर्च ठेवा.

परतताना कुंझुममार्गे मनालीला उतरायला हरकत नाही, तोवर शरीर सरावलेलं असतं. खिंड साधारण जूनमध्ये खुली होते, पण बर्फ आणि दरडींवर सगळं अवलंबून, तेव्हा काझात चौकशी केल्याशिवाय त्या बाजूला निघू नका. हा सगळा हिशेब नऊ दिवसांचा होतो, वर एक दिवस दरडीसाठी राखून ठेवा. सहाच दिवस हातात असतील तर स्पिती यंदा सोडा. किन्नौरमधलं रोपा खोरं उंचीला बरंच सौम्य आहे आणि तिकडे प्रवासी फारसे वळत नाहीत. राहण्याची सोय तेवढी आधी विचारून ठेवा.

प्रश्न : काझाहून मुधला बस आहे का? की टॅक्सीच करावी?

उत्तर : अंतर पन्नासेक किलोमीटर. हिमाचल परिवहनची बस दुपारनंतर काझाहून सुटते, रात्री मुधलाच थांबते आणि सकाळी परत फिरते. वेळ आदल्या दिवशी स्थानकावर विचारून घ्या. चौघं असाल आणि सामान असेल तर टॅक्सी सोयीची, पण ती सकाळी काढा. ताबो-काझा रस्ता सोडून अतरगूच्या पुलावरून पिन खोऱ्यात शिरलं की वाटेत नाले आडवे येतात. वरचं बर्फ उन्हाने वितळतं आणि त्याचं पाणी दुपारी खाली पोहोचतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला चार वाजता चाकं अडवतो. रोख पैसे काझातच काढून ठेवा. एटीएम बंद असणं तिथे नवलाचं नाही, तेव्हा निम्मी रक्कम त्याही आधी, किन्नौरमधल्या रेकाँग पिओला काढलेली बरी.

प्रश्न : वडील ६७ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. त्यांना डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, द्यावी का?

उत्तर : हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं, कारण डायमॉक्सने लघवी वाढते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही तेच करतात. सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. प्रौढांसाठी प्रतिबंधक मात्रा सहसा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून अशी असते. बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरू नका. मात्र गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळायची मुभा मिळत नाही. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर आहे तिथेच थांबायचं. चालताना तोल जाणं, बरळणं, बसल्या जागी धाप लागणं यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं. मुधहून रात्री गाडी मिळवणं सोपं नाही, म्हणून घरमालकांकडे पहिल्याच संध्याकाळी विचारून ठेवा की गावात कुणाची गाडी आहे. दवाखाना काझाला आहे.

प्रश्न : घरगुती मुक्कामात कोरडं शौचालय असतं म्हणे. ते वापरायचं कसं?

उत्तर : खाली खोली, वर मातीच्या जमिनीला भोक आणि कोपऱ्यात माती किंवा राखेचा ढीग, सोबत फावडं. काम झालं की दोन-तीन फावडी माती ढकला. आपल्याकडची खोड म्हणजे बादलीभर पाणी ओतणं. तेवढं करू नका. पाणी गेलं की खत कुजण्याऐवजी सडतं, वास सुटतो. नळाचं पाणी हिवाळ्यात गोठतं म्हणूनच ही पद्धत टिकली आहे. धुण्यासाठी वेगळी न्हाणी असते का ते विचारा, नसेल तर कागद वापरा. सॅनिटरी पॅड, ओले रुमाल, प्लास्टिक भोकात टाकू नका. पुढे हेच खत शेतात जातं आणि घरच्या माणसांना त्यातलं प्लास्टिक हाताने वेचावं लागतं. असला कचरा पिशवीत बांधून काझापर्यंत परत न्यावा, गावात त्याची विल्हेवाट लागत नाही.

प्रश्न : ऑगस्टमध्ये गेलो तर गावकऱ्यांशी गप्पा होतील का?

उत्तर : होतील, पण संध्याकाळी. तो हिरव्या मटारच्या तोडणीचा काळ, वर्षाची रोख कमाई तीच, त्यामुळे दिवसभर घरं रिकामी असतात. शेतात जायचं तर बांधावरून चाला आणि पाण्याच्या पाटात, म्हणजे तिथल्या कूलमध्ये, पाय घालू नका. पाटाची कड फुटली की खालच्या शेतांचं पाणी तुटतं. न विचारता शेंगा तोडू नयेत. तोडणीला हात लावायची इच्छा असेल तर आदल्या रात्री जेवताना घरच्या बाईंना विचारा आणि सकाळी त्यांच्याबरोबरच निघा. शेंग ओढून तोडली तर वेल उपटून येतो, म्हणून एका हाताने वेल धरून दुसऱ्याने देठाशी तोडा.