टर्बाइनचा रनर परत परत का खाल्ला जातोय?

प्रश्न : सातपूर एमआयडीसीत आमचं वेल्डिंग-मशिनिंगचं वर्कशॉप आहे. एका छोट्या हायड्रो प्लांटचा फ्रान्सिस रनर (टर्बाइनचं पाण्याने फिरणारं पात्यांचं चाक) दुरुस्तीला आलाय, दुसऱ्यांदा, पात्यांना परत तसेच खड्डे. पार्टी म्हणते अजून कडक मटेरियल भरा. पावसाळ्यात गोदावरीला येतं तशा गढूळ पाण्याने होतं का हे? फोटो पाठवतोय.

उत्तर : गाळाचं नाही वाटत. वाळूने घासलेलं पातं हाताला गुळगुळीत, लाटा लाटा लागतं आणि धार पातळ होते. हिमालयात नाथपा-झाकरी जलविद्युत प्रकल्पाला तो त्रास, सतलजच्या गाळातलं क्वार्ट्‌झ स्टीलला खातं, तिथे टंगस्टन कार्बाइडचं कोटिंग कामाला येतं. तुमच्या फोटोत पात्याच्या फक्त मागच्या अंगाला, पाणी बाहेर पडतं त्या टोकापाशी, स्पंजासारखी भोकं आहेत. हे कॅव्हिटेशन. तिथे प्रेशर इतकं पडतं की पाणी थंड असूनही उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि जरा पुढे प्रेशर वाढलं की फटकन मिटतात, मिटताना पात्यावर ठोके बसतात आणि धातूचा कण कण उडतो. मटेरियल कडक केलं तर खड्डा उशिरा पडेल, ठोके चालूच.

भरायचं तर भरा. रनर १३ टक्के क्रोम, ४ टक्के निकेलवाला असेल तर जुळणारा ४१० निकेल-मॉली वेल्डिंग रॉड, प्रीहीट म्हणजे आधी धातू तापवूनच. पण खरी गोम ग्राइंडिंगमध्ये आहे, चांगल्या पात्यावरून आकाराचं टेम्प्लेट काढा आणि तेच लावून घासा, डोळ्याच्या अंदाजाने घासलं आणि बारीक उंचवटा राहिला तरी त्याच्या मागे नवीन बुडबुडे सुरू. मग बॅलन्सिंग.

आता पार्टीला विचारा मशीन किती लोडवर चालवता. पाणी कमी म्हणून निम्म्या लोडवर रेटत असतील तर रनरमधून सुटलेलं पाणी ड्राफ्ट ट्यूबमध्ये (रनरखालच्या पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपात) भोवऱ्यासारखं गरगरतं आणि अख्खं मशीन हादरतं, त्यासाठी काही ठिकाणी खाली हवा सोडतात. हादऱ्याला हलक्यात घेऊ नये, रशियात सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी २ नंबरच्या टर्बाइनच्या कव्हरचे बोल्ट असेच थकून तुटले, ७५ माणसं गेली. टेलरेसची (टर्बाइनमधून सुटलेलं पाणी वाहून जातं त्या चराची) पातळी डिझाइनपेक्षा खाली गेली असेल तरी रनरखाली प्रेशर कमी पडतं आणि हेच खड्डे येतात.

तेव्हा लोडचं लॉगबुक आणि टेलरेसची लेव्हल मागवा, मगच कोटेशन द्या. नाहीतर तिसऱ्यांदा हाच रनर तुमच्या दारात आणि शिव्या तुमच्या वेल्डरला.