तीन मैत्रिणी आणि 'ईच अदर'

प्रश्न असा आहे: सातवीतल्या मुलीनं निबंधात 'द थ्री फ्रेंड्स हेल्प ईच अदर' असं लिहिलं. बाईंनी 'ईच अदर' खोडून वर 'वन अनदर' लिहिलं आणि अर्धा गुण कापला. मुलीचं खरंच चुकलं का?

माझ्या मते नाही. पण बाईंनीही नियम मनानं काढलेला नाही. दोघं असतील तर ईच अदर, जास्त असतील तर वन अनदर, हे आपण सगळ्यांनीच घोकलंय. १७८५ सालच्या जॉर्ज अशर यांच्या इंग्रजी व्याकरणात हा नियम आढळतो. त्यामागचा तर्कही ताडता येतो. जुन्या इंग्रजीत 'अदर' म्हणजे क्रमानं 'दुसरा' असाही अर्थ होता, आणि दुसरा म्हटलं की जोडी आलीच. 'अनदर' म्हणजे आणखी कुणीतरी, म्हणजे घोळका हवा. कागदावर छान बसतं.

इंग्रजी लिहिणाऱ्यांनी मात्र ते फारसं मनावर घेतलं नाही. १६११ चं किंग जेम्स बायबल उघडा. ल्यूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसला गेलेले शिष्य दोनच आहेत, तरी ते बोलतात 'वन टू अनदर'. (मधे 'टू' घुसलाय, कारण तेव्हा हे शब्द असे सुटेही वापरत.) पुढे १९२६ मध्ये फाउलर यांनी आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात, हा भेद आज उपयोगाचा नाही आणि परंपरेला धरूनही नाही, असं म्हणून विषय निकालात काढला. आज रोजच्या बोलण्यात ईच अदरच जास्त ऐकू येतं. वन अनदर जरा भारदस्त, प्रवचनाच्या सुरातलं.

मला खरी गंमत वाटते ती मराठीकडून पाहताना. आपलं 'एकमेक' प्राकृतातल्या 'एक्कमेक्क'वरून आलं. मूळ जोडी 'एक-एक' अशीच, मधला 'म' सांधा म्हणून घातलेला. त्याला डोकी मोजायची सवय नाही: नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत, आणि अख्खी सोसायटीही एकमेकांशी बोलत नाही. शिवाय 'एकमेक भांडतात' असं आपण म्हणत नाही. प्रत्यय अंगावर चढवल्याशिवाय हा शब्द घराबाहेर पडत नाही. ईच अदरही असाच, वाक्याच्या सुरुवातीला कर्ता म्हणून बसत नाही.

एक भेद मात्र मराठी काटेकोरपणे सांभाळते. कार्यालयात खुर्च्या 'एकावर एक' रचतात. 'एकमेकांवर' रचल्या म्हटलं तर माझ्या कानाला खटकतं. खालची खुर्ची वरचीवर कशी बसणार? इंग्रजी बिनदिक्कत 'ऑन टॉप ऑफ ईच अदर' म्हणून मोकळी होते. आपल्याकडे व्यवहार दोन्ही बाजूंनी असेल तर एकमेक, आणि एकाच दिशेनं चाललेली रांग असेल तर एकावर एक, एकामागून एक. रांग आली की इंग्रजीलाही 'वन आफ्टर अनदर' म्हणावं लागतं. पोरं 'वन आफ्टर अनदर' धावली तर ओळीनं गेली, 'आफ्टर ईच अदर' धावली तर शिवाशिवी सुरू झाली! माणसं मोजण्यापेक्षा हा फरक शिकवला असता तर बरं झालं असतं.

जाता जाता 'परस्पर'. संस्कृतात हाही एकमेकांचाच शब्द, आणि 'परस्पर सहकार्य' मध्ये तो तसाच राहिलाय. पण 'त्यानं परस्पर पैसे उचलले' म्हणजे कुणालाही न विचारता! देवाणघेवाणीच्या शब्दानं असं एकट्यानं हात मारावा, याचं मला अजून नवल वाटतं.

मुलीला काय सांगायचं? शाळेच्या पेपरात आणि स्पर्धा परीक्षांच्या 'चूक शोधा' प्रश्नात नियमाप्रमाणेच लिही, तिथे वाद घालून गुण मिळत नाहीत. बाकी ठिकाणी कानाला बरं वाटेल ते. फक्त 'ईच अदर्स' लिहिताना अपॉस्ट्रॉफी कायम एसच्या आधी, मैत्रिणी दोन असोत की वीस. तो एसच्या पुढे गेला म्हणून अर्धा गुण कापला असता, तर मी बाईंच्या बाजूनं उभा राहिलो असतो.