कॉपीरायटर व्हायचंय, पण ऑफर ट्रॅफिकची आलीय

तू लिहिलंयस की मास मीडियाची डिग्री झाली, कॉपीरायटर व्हायचंय, पण अ‍ॅड एजन्सीकडून ऑफर आली ती ट्रॅफिक कोऑर्डिनेटरची, आणि घरचे म्हणतायत ही तर फायली फिरवायची कारकुनी, नको घेऊस. घरच्यांची काळजी कळते मला, पण ही कारकुनी नाहीये. ट्रॅफिक म्हणजे एजन्सीतला प्रत्येक जॉब, म्हणजे जाहिरातीचं प्रत्येक काम, एका टेबलावरून दुसऱ्यावर वेळेत सरकवणारं खातं.

क्लायंटशी बोलणारे क्लायंट सर्व्हिसिंगवाले ब्रीफ, म्हणजे काय हवंय ते लिहिलेला कागद, आणतात, ट्रॅफिक जॉब नंबर देऊन जॉब ओपन करतं, मग कॉपी (मजकूर) आणि आर्ट, फायनल फाइल बनवणारा स्टुडिओ, प्रूफरीडिंग, क्लायंटचं अप्रूव्हल, रिलीज. कुठला जॉब कुणाच्या टेबलावर अडकलाय आणि का, हे सगळं धडपणे फक्त ट्रॅफिकवाल्याला माहीत असतं.

समज, शुक्रवारच्या पेपरात जाहिरात आहे आणि मटेरियल बुधवारी संध्याकाळी द्यायचंय. आता उलटं मोजायचं. बुधवारी दुपारी फायनल पीडीएफ, म्हणजे सकाळी अप्रूव्हल, क्लायंट एकदोनदा करेक्शन काढणारच, म्हणजे पहिला लेआउट सोमवारी गेला पाहिजे आणि ब्रीफ त्याच्या आधीच्या आठवड्यात यायला हवं. प्रत्यक्षात ते येतं सोमवारी सकाळी, वर ‘अर्जंट’ लिहिलेलं आणि साइजचा पत्ताच नाही. तेव्हा ब्रीफ परत पाठवायचं, साइज काय, कलर की ब्लॅक अँड व्हाइट, कुठली एडिशन, लोगोसोबत काय काय जायलाच हवं, हे भरून आणा म्हणायचं. आणि आर्ट डायरेक्टरच्या हातात आधीच तीन जॉब असतील तर चौथा गुपचूप सरकवायचा नाही, यातला कुठला मागे टाकू ते सांगा असं सर्व्हिसिंगला तोंडावर विचारायचं, कारण नाहीतर चारही लेट होतात. खरं काम हे आहे, आणि ते नम्रपणे पण न घाबरता करणारी माणसं फार कमी मिळतात.

फाइलच्या नावांचीही शिस्त लागते. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशा दोन फाइली पडल्या असतील आणि जुनी प्रेसला गेली तर ऑफरची चुकीची तारीख छापून येते, मग काही करता येत नाही.

आता तुझ्या कॉपीचं. ट्रॅफिकमधून मागच्या दाराने कॉपीत जाऊ असा हिशोब करून जॉइन होऊ नकोस, तिथे पोर्टफोलिओच बघतात आणि तो तुला ऑफिस सुटल्यावर बसून स्वतःच बनवावा लागेल. पण लोकांकडून काम वेळेत काढून घेणं तुला मनापासून आवडत असेल तर इथूनच ट्रॅफिक मॅनेजर, प्रोजेक्ट मॅनेजर, पुढे ऑपरेशन्स हेड अशी वाट आहे. एक्सेल पक्कं कर, ट्रेलो किंवा आसना ही कामांचा माग ठेवणारी अ‍ॅप्स हाताळून बघ, छपाईच्या रंगांचं सीएमवायके म्हणजे काय, कापायच्या कडेबाहेर ब्लीड साधारण ३ मिमी का सोडतात, छपाईला ३०० डीपीआय का मागतात एवढं तरी समजून घे. पुढे सर्टिफिकेट हवंच वाटलं तर पीएमआय या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या संस्थेचं सीएपीएम हे सुरुवातीचं सर्टिफिकेट आहे, त्याला अनुभव लागत नाही, बारावी आणि २३ तासांचं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं शिक्षण पुरतं.

हो म्हणायच्या आधी एजन्सीला एवढं नक्की विचार: अर्धवट ब्रीफ परत पाठवायचा अधिकार ट्रॅफिकला आहे का, आणि दोन जॉब एकमेकांवर आदळले तर शेवटचा शब्द कुणाचा? यावर ते गुळमुळीत बोलले तर तुला दिवसभर फक्त ‘झालं का, झालं का’ विचारत फिरवतील, तसली नोकरी सोडलेली बरी. सरळ उत्तर मिळालं तर मात्र घे, आणि तेच उत्तर घरच्यांनाही सांग.