अँजिओप्लास्टीआधी गुठळीवर थेट औषध सोडून घ्यावं का?

वडिलांच्या अँजिओप्लास्टीआधी हृदयाच्या नळीतल्या गुठळीवर थेट औषध सोडायचा आग्रह धरावा का, असं तुम्ही विचारलंय. धरू नका. पडद्यावर गुठळी ज्याला दिसतेय, त्याला ठरवू द्या.

याच गोष्टीवरून आमच्या घरात अजून वाद आहे. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. ऐन चतुर्थीत बाबांच्या छातीत कळ आली. जो तो गॅस म्हणत होता, पण घामाने सदरा पाठीला चिकटलेला. आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीने ईसीजी काढून लगेच गोमेकॉला, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला, पाठवला. तेवढ्यात भावोजींचा पुण्याहून फोन: "तिथे काही टोचून घेऊ नका, मोठ्या खाजगी इस्पितळात न्या, नळीत शिरून गुठळीवरच औषध सोडतात!" ती बाई ढळली नाही. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला का, हल्ली ऑपरेशन झालंय का, एवढं विचारलं, प्रेशर बघितलं आणि टेनेक्टेप्लेस हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन शिरेतून दिलं. १०८ बांबोळीला पोचेपर्यंत कळ ओसरली होती. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफीत पुढची मोठी नळी उघडलेली दिसली, कडेला गुठळीचा थोडा धूसर अवशेष. स्टेंट बसला, वेगळं औषध आत सोडावं लागलं नाही.

भावोजी आजही त्या इंजेक्शनला "जुनाट उपचार" म्हणतात. खरं तर त्यांची पद्धतही जुनीच. १९७९ मध्ये जर्मनीत डॉ. रेंट्रॉप यांनी स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं औषध थेट हृदयाच्या नळीत सोडलं होतं. शिरेतून द्यायची पद्धत पुढे रुळली, कारण गावोगावी कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची सोय, नसते.

शिवाय नळी पूर्ण बंद असेल तर तिच्या तोंडाशी सोडलेलं औषध गुठळीत शिरतच नाही. कुळागरात एक पाट बुजला की पाणी दुसऱ्या पाटाने निघून जातं, तसं ते उघड्या फांद्यांकडे वळतं. म्हणून बारीक भोकांचा फुगा गुठळीतच फुगवून औषध झिरपवायची युक्ती निघाली. २०१२ च्या इन्फ्यूज-एएमआय चाचणीत अशा फुग्यातून गुठळी वाढू न देणारं अ‍ॅब्सिक्सिमॅब दिल्यावर मेलेल्या स्नायूचा भाग हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या साधारण १८ टक्क्यांवरून १५ वर आला. फायदा आहे, पण बेताचा. त्याच वर्षीच्या आयडा-स्टेमी चाचणीत दोन हजारांवर रुग्ण होते. तिथे तेच औषध साध्या कॅथेटरने (आत सरकवायच्या बारीक ट्यूबने) नळीत दिलं काय नि शिरेतून दिलं काय, मृत्यू, पुन्हा अटॅक आणि हार्ट फेल्युअर यांच्या एकत्रित हिशेबात फरक पडला नाही. २०१९ च्या टी-टाइम चाचणीत नळीत थोडं अल्टेप्लेस (हेही गुठळी विरघळवणारं) देऊनही सूक्ष्म वाहिन्यांतला अडथळा कमी झाला नाही. आता भावोजींनी सांगावं, कशासाठी थांबायचं होतं?

हां, तुम्ही पणजीत राहत असाल आणि दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल, तर इंजेक्शनपेक्षा तीच सरस. गुठळी फार मोठी असेल किंवा वायर घालूनही रक्त पुढे सरकत नसेल, तर काही डॉक्टर आत औषध सोडतातही. पण या औषधांनी रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून वडिलांना आधी कुठे टेनेक्टेप्लेस दिलं असेल, तर दिल्याची वेळ असलेला कागद कॅथलॅबच्या डॉक्टरांच्या हातातच द्या.