धुऱ्यावरची बोर आणि तिच्याजवळचा बोर

प्रश्न : आमच्या वावरात धुऱ्यावर एक जुनी बोर आहे. यंदा उन्हाळ्यात तिच्याजवळ बोर मारला आणि १८० फुटांवर पाणी लागले. जागा दाखवणारे बाबा म्हणाले, ‘बोरीखाली पाणी असतेच, म्हणून तर याला बोर म्हणतात.’ बारावीतली मुलगी यावर हसली. तिचे म्हणणे असे, की हे दोन्ही बोर वेगळे आणि इतिहासातले बोअर, अणूचा बोर, कपाशीवर फवारतो ते बोरॉन हेही सगळे वेगळे. दोघांपैकी खरे कोणाचे?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : शब्दाच्या बाबतीत मुलीचे खरे आहे. बाबांच्या बोलण्याला मात्र शब्दापुरता नसला तरी झाडापुरता फार जुना आधार आहे, तेव्हा त्यांना एकदम मोडीत काढू नये.

झाडाचे आणि फळाचे नाव संस्कृत ‘बदर’, ‘बदरी’ यांवरून आले. बदरीनाथातली बदरी ती हीच. प्राकृतात मधला ‘द’ गळाला आणि पहिल्या दोन अक्षरांचे मिळून ‘बो’ झाले. हेमचंद्राने बाराव्या शतकातल्या आपल्या प्राकृत व्याकरणात या बदलासाठी एक सूत्र दिले असून, ‘पूगफला’चे ज्या रीतीने पुढे आपले ‘पोफळ’ झाले तो बदलही त्याच सूत्रात सांगितला आहे. गुजरातीत बोरच म्हणतात, हिंदीत त्याच शब्दाचे ‘बेर’ झाले. आपल्याकडची बोरगावे आणि बोरी अरबसारखी नावे, शाळेच्या फाटकाबाहेर विकले जाणारे बोरकूट, संक्रांतीनंतरचे बोरन्हाण आणि तुळशीच्या लग्नात ‘बोर, भाजी, आवळा’ म्हणत देवाला उठवण्याची रीत, हा सगळा पसारा या एका बदरीचा आहे.

आता बाबांचा आधार. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त भूगर्भातले पाणी शोधण्यावर ‘दकार्गल’ नावाचा एक अध्याय आहे. त्यात म्हटले आहे, की बोरीच्या पूर्वेस वारूळ दिसले तर तिच्या पश्चिमेस तीन पुरुष खोलीवर पाणी सांगावे. एक पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची, असा त्याचा हिशेब धरतात. त्या मानाने आपले १८० फूट बरेच खोल गेले. परंतु हा ग्रंथ सहाव्या शतकातला, त्यातला शब्द ‘बदरी’, आणि यंत्राने जमिनीला भोक पाडण्याची गोष्ट त्याच्या स्वप्नातही नाही. त्यामुळे बोरीजवळ पाणी असते की नाही हा वाद भूजलाच्या जाणकारांनी सोडवावा; बोरवेलच्या नावाशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

ते नाव इंग्रजीतून आले. तिथल्या ‘बोर’ या क्रियापदाचा अर्थ भोक पाडणे असा असून त्याचे जर्मन भावंड ‘बोरेन’ आणि लॅटिनमधले चुलत भावंड ‘फोरारे’ हे आहे. आपण आख्खे ‘बोरवेल’ म्हणण्याचा कंटाळा केला आणि विहीर गाळून नुसते भोक ठेवले. ‘बोर होणे’ हाही शब्द इंग्रजीतूनच आला. कंटाळा आणणे या अर्थाने तो तिथे अठराव्या शतकात दिसू लागतो, पण भोक पाडण्याशी त्याचे नाते आहे की नाही यावर कोशकारांचे एकमत नाही.

गंमत अशी, की हे शब्द वेगळे आहेत हे आपण कोश न उघडताही रोज दाखवून देतो. झाड ‘ती बोर’, फळ ‘ते बोर’ आणि पाण्याचा ‘तो बोर’. विभक्ती लावली की फरक आणखी उघडा पडतो : बोरीचे काटे, बोराची आठळी, पण बोरचे पाणी. घरच्या शब्दांचे आपण सामान्यरूप करतो. पाहुणा शब्द आहे तसा ठेवून त्याला नुसता प्रत्यय चिकटवतो. ‘बोराचे पाणी’ असे म्हटले तर ऐकणारा फळाचा रस समजेल. आपल्या पत्रातले ‘तिच्याजवळ बोर मारला’ हे वाक्यच पाहा. त्यातल्या ‘तिच्या’ आणि ‘मारला’ या दोन रूपांनी निकाल आधीच देऊन ठेवला आहे.

इतिहासातल्या बोअरांची गोष्ट शेतकऱ्याला आवडावी अशी आहे. डच भाषेत ‘बूर’ असा उच्चार होणाऱ्या या शब्दाचा अर्थच मुळी शेतकरी. दक्षिण आफ्रिकेत वसलेल्या डच शेतकऱ्यांच्या वंशजांना ते नाव पडले आणि १८९९ ते १९०२ या काळात इंग्रजांशी झालेल्या त्यांच्या युद्धात गांधीजींनी जखमींना उचलून नेणारे हिंदी लोकांचे पथक उभे केले होते. स्वीडिश भाषेत ‘बोर’ म्हणजे राहतो, वस्ती करतो. हे दोन्ही शब्द ज्या प्राचीन धातूपासून निघाले, त्याचेच संस्कृत रूप ‘भू’, म्हणजे ‘भवति’मधला भू, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे लांबचे का होईना, आपल्याशी नाते निघते ते या बोरचे. दिसायला सारख्या असलेल्या आपल्या बोराशी मात्र त्याचे काही नाते नाही.

अणूची रचना १९१३ साली मांडणाऱ्या नील्स बोर यांचे ते आडनाव आहे, एवढे सांगून पुढे जाऊ. बल्गेरियन भाषेत ‘बोर’ म्हणजे पाइनचे झाड आणि रशियनमध्ये त्या झाडांचे रान. हंगेरियनमध्ये ‘बोर’ म्हणजे द्राक्षाची दारू; तो शब्द तिथे तुर्की भाषाकुळातून गेला. एखाद्या हंगेरियन पाहुण्याला बोराचे आमंत्रण देताना सावध राहिलेले बरे.

राहिले बोरॉन. तुर्की आणि रशियन भाषांत या मूलद्रव्याला ‘बोर’च म्हणतात आणि त्याचे जगातले सर्वांत मोठे साठे तुर्कस्तानात आहेत. नाव आले ‘बोरॅक्स’ या क्षारावरून, आणि ते मागे अरबी ‘बूरक’, फारसी ‘बूरह’ इथवर जाते. हा क्षार आपल्याला नवा नाही. दागिन्याचा जोड बसवताना गावातला सोनार जो टाकणखार वापरतो, तो हाच.