पुण्यात एकट्याने काचा साफ करायचं काम सुरू करतोय. शुद्ध पाण्याचा लांब पोल आत्ताच घ्यावा का?

आत्ता नका घेऊ. चांगली १४ इंची रबरी स्क्वीजी, काचेला साबणपाणी लावायचा ॲप्लिकेटर, बादली आणि डझनभर मायक्रोफायबर फडकी एवढ्यावर फ्लॅट आणि दुकानांची कामं आरामात होतात. स्क्वीजी पाणी ओढून काढते, त्यामुळे नळाचं पाणी चालतं. पोलच्या टोकाच्या ब्रशमधून येणारं पाणी पुसलं जात नाही, काचेवरच वाळतं, म्हणून त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पीपीएममध्ये) १० च्या खाली लागतो, नाहीतर पांढरे डाग उरतात. खरा खर्च इथेच आहे. बोअर किंवा टँकरचं ५०० टीडीएसचं पाणी थेट डीआय रेझिनमधून (क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांमधून) सोडलं, तर २५० च्या मानाने रेझिन साधारण निम्म्या पाण्यातच संपतं. आधी आरओ लावला तर रेझिन टिकतं, पण बरंच पाणी वाया जातं. मे महिन्यात सोसायटीवाले ते सहन करतील असं वाटत नाही. शिवाय बॉक्स ग्रिलच्या आत पोल जातच नाही.

स्क्वीजीचा चालू खर्च किरकोळ:
- रबर: रेघा उमटू लागल्या की उलटं लावा, मग बदला. यात कंजुषी नको.
- भांड्यांचं लिक्विड: बादलीला काही थेंब.
- फडकी: धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको, काचेवर तेलकट पट्टे उमटतात.
- पेट्रोल: बहुतेकदा हाच सगळ्यात मोठा आकडा, म्हणून एका भागातली कामं एकाच दिवशी धरा.

अपवाद एकच: दोन-तीन मजली शोरूम किंवा ऑफिसच्या बाहेरच्या फिक्स काचांचं महिन्याचं कंत्राट मिळालं, तर पोल घ्याच. शिडीवर चढणं वाचतं.